प्रयोगशाळेचं कपाट उघडा : ठाणे-नवी मुंबईतल्या शाळाचालकांना खुलं पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतील शाळांचे संस्थाचालक व मुख्याध्यापक,
तसेच दोन्ही महानगरपालिकांच्या शिक्षण विभागांतील अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत ३२ वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. १९८७ च्या जूनमध्ये लागले, २०१९ मध्ये निवृत्त झाले. मी शिक्षिका नव्हते. विज्ञान कसं शिकवावं यावर बोलणारी ही कोण, असं कोणाच्या मनात आलं तर त्यात गैर काही नाही. पण कपाटांच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. कुठलं कपाट वर्षातून किती वेळा उघडतं, कुठली बाटली आणली तशीच सीलबंद राहते, कुठल्या मुलाचे डोळे काचेआडच्या वस्तूंवर खिळतात, हे शाळेत माझ्याइतकं कोणी पाहिलेलं नाही. त्या बळावर हे लिहिते आहे.

निमित्त आहे येणाऱ्या पैशाचं. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या ५ वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५०,००० अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची घोषणा झाली. ही योजना २०१६ पासून सुरू आहे, आणि निवडलेल्या शाळेला तिच्यातून २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळत आलं आहे. सेन्सर, मोटारी, थ्रीडी प्रिंटर अशा वस्तू सहावीपासूनच्या मुलांच्या हाती याव्यात, हा तिचा हेतू. मला या योजनेबद्दल मनापासून आनंद वाटतो. आपल्याकडच्या कितीतरी शाळांचं नाव त्या यादीत यावं असंही वाटतं. पण निवृत्तीनंतर विज्ञान प्रदर्शनांच्या निमित्तानं मी चार शाळांमध्ये मदतीला गेले. तिथे एका ठिकाणी थ्रीडी प्रिंटरवर घरी टीव्हीवर घालतात तसं शिवून घेतलेलं कापडी कव्हर होतं. वर हळदीकुंकवाची बोटं. उद्घाटनाला लावलेली. मी विचारलं, यावर मुलांनी काय काय बनवलं? सर म्हणाले, "बिघडलं तर कोण निस्तरणार? म्हणून पाहुणे आले की दाखवतो."

ते सर वाईट नव्हते. मी त्यांच्या जागी असते तर मीही कव्हरच शिवलं असतं, कारण ३२ वर्षं मी तेच केलं आहे.

आमच्या प्रयोगशाळेत एक जाडजूड नोंदवही होती. सगळे तिला डेड स्टॉक रजिस्टर म्हणायचे. तिचे रकाने मला अजून पाठ आहेत : अनुक्रमांक, वस्तूचे नाव, खरेदी दिनांक, नग, फुटले, शिल्लक, शेरा. दरवर्षी मार्चअखेर तपासणी व्हायची. 'फुटले' या रकान्यात आकडा दिसला की प्रश्न सुरू. कोणी फोडलं, कधी, भरपाई घेतली का, मुख्याध्यापकांची सही कुठे आहे. तो रकाना कोरा असला की शेऱ्यात लाल शाईनं 'समाधानकारक' लिहून मिळायचं. माझ्या रजिस्टरला सलग ९ वर्षं 'समाधानकारक' मिळालं. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. आज त्या ९ वर्षांचा हिशेब मनात मांडते तेव्हा जीव कळवळतो. परीक्षानळी फुटली नाही याचा अर्थ ती कोणी हातात धरलीच नाही. ज्या घरात लहान मूल आहे त्या घरात कपबशीचा सेट अख्खा राहत नाही. जिथे ४०० मुलं विज्ञान शिकतात तिथे वर्षभरात एक चंचुपात्र फुटू नये?

त्याआधी एकदा सातवीच्या एका मुलाच्या हातून तापमापी फुटली होती. पारा टेबलावरून घरंगळला. मुलं घाबरली, मीही घाबरले. पारा विषारी असतो, तेव्हा ती भीती खरीच होती. आता शाळांतून पाऱ्याऐवजी लाल अल्कोहोलच्या तापमाप्या वापरतात, हे चांगलंच झालं. पण त्या दिवसानंतर फळ्याशेजारी पाटी लागली : 'साहित्य फुटल्यास दुप्पट किंमत वसूल केली जाईल.' त्या मुलाचे वडील नाक्यावर उभे राहून मजुरी मिळवणारे. पैसे त्यांनी भरले. पुढे तो मुलगा प्रयोगशाळेत आला की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. दहावीपर्यंत.

पाटीचा परिणाम शिक्षकांवरही झाला. 'प्रयोग करणे' याचा अर्थ हळूहळू 'प्रयोग दाखवणे' असा झाला. सर टेबलामागे, मुलं समोर चार ओळींत, शेवटच्या ओळीतली टाचा उंचावून. कांद्याचा पापुद्रा, त्यावर आयोडीनचा थेंब, वर काच. एकेकानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि पुढे सरकायचं. ६० मुलं, ३५ मिनिटांची तासिका. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात निम्म्या मुलांना स्वतःच्या पापणीचे केसच दिसतात. बारीक स्क्रू फिरवायचा नाही अशी ताकीद दिलेली, त्यामुळे धूसर दिसलं तरी मूल "दिसलं, दिसलं" म्हणून बाजूला होतं. पेशी दिसली नाही असं म्हणण्याची हिंमत मी फार थोड्या मुलांत पाहिली.

आमच्याकडे ४ नवे सूक्ष्मदर्शक आले होते. एक वापरात, तीन लाकडी पेटीत कुलूपबंद. आपली हवा कशी आहे ते तुम्ही जाणताच. खाडी जवळ, जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या. तिसऱ्या पावसाळ्यानंतर पेट्या उघडल्या तर तिन्हींच्या भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी. बुरशी. मुंबईहून दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं भिंग उजेडात धरलं आणि म्हणाला, "बाई, हे रोज बाहेर काढलं असतं, उजेड-वारा लागला असता, तर झालं नसतं. बंद पेटीत दमट हवा कोंडते." जो सूक्ष्मदर्शक शेकडो मुलांनी हाताळला होता, त्याचं भिंग स्वच्छ होतं. बुरशी लागली ती कुलपातल्या तीन भिंगांना. दुरुस्तीचा खर्च मंजूर झाला नाही. रजिस्टरात मात्र 'शिल्लक ४' असंच राहिलं, कारण वस्तू 'फुटलेली' नव्हती.

आता गुणांबद्दल. दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या दोन भागांचे ४०-४० गुण लेखी परीक्षेचे आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. ते २० गुण कसे पडतात हे तुम्हीही जाणता, मीही जाणते. सगळ्यांना १८, १९, २०. मुलांचं भलं व्हावं म्हणूनच शिक्षक ते देतात, मला त्यांच्यावर राग नाही. पण ज्या गुणांत फरकच पडत नाही त्यासाठी मूल कशाला राबेल? प्रयोगवही जानेवारीत चार दिवसांत उतरून काढली जाते, एकाची बघून दुसऱ्याची. निरीक्षणाच्या रकान्यात आकडे आधी, प्रयोग नंतर, किंवा प्रयोग नाहीच.

याच संदर्भात मला एक मुलगी आठवते. आठवीत होती, कळव्याचा पूल ओलांडून चालत यायची. पाण्याचा उत्कलनांक काढायचा प्रयोग होता. त्या दिवशी चार गट केले होते, म्हणून मुलांच्या हाती तापमापी आली. पाणी खळखळा उकळत होतं आणि तिच्या गटाच्या तापमापीत पारा ९८ आणि ९९ च्या मध्ये थांबला होता. तिनं दोनदा पाहिलं, वहीत ९८.५ लिहिलं. बाकी तिन्ही गटांनी १०० लिहिलं, त्यातल्या दोघांनी तर तापमापीकडे नीट पाहिलंही नव्हतं. वही तपासताना तिचा आकडा खोडून वर १०० लिहिला गेला. ती माझ्याकडे आली. "बाई, मला ९८.५ च दिसलं. मी खोटं नाही लिहिलं."

मधल्या सुट्टीत मी शाळेबाहेरच्या उसाच्या रसवाल्याकडून वाटीभर बर्फ आणला. फडक्यात गुंडाळून कुटला, चंचुपात्रात भरला, थोडं पाणी घातलं आणि तीच तापमापी त्यात उभी केली. वितळत्या बर्फात शून्य दिसायला हवं. दहा मिनिटांनी पारा शून्याच्या खाली, उणे दीडच्या आसपास थांबला. ती पाच-सात सेकंद गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे ही सगळीकडे दीडनं कमी दाखवते!" ९८.५ मध्ये दीड मिळवले की १००. पाण्याची चूक नव्हती, तिची तर नव्हतीच, उपकरणाची होती. ती चूक किती आहे हेही तिनं मोजून काढलं. तेरा वर्षांच्या मुलीनं उपकरण तपासून घेतलं, जे काम आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांमध्ये पगार देऊन माणसांकडून करून घेतात. प्रयोगवहीत मात्र १०० च राहिलं, कारण खाली सही झाली होती.

दुसरा मुलगा त्यानंतर सहा-सात वर्षांनी आला. चाचणीत विज्ञानात २० पैकी ७ मिळवणारा, मागच्या बाकावरचा. वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान. विद्युतधारेचा चुंबकीय परिणाम दाखवायचा होता : तारेतून वीज सोडली की शेजारच्या चुंबकसूचीची सुई हलते. सुई हलेना. सर म्हणाले सेल संपले असतील, उद्या दाखवतो. तास संपला, मुलं गेली, हा थांबला. "बाई, बघू का?" मी दाराकडे पाहिलं आणि हो म्हणाले. त्यानं सेल काढले, होल्डरच्या स्प्रिंगवर हिरवट थर होता तो मला दाखवला, माझ्याकडून पॉलिश पेपरचा तुकडा मागून घेतला आणि तो थर घासून काढला. सेल बसवले. सुई हलली. त्यानं सेल उलटे लावले, सुई दुसऱ्या बाजूला गेली. मग कोणी न सांगता त्यानं ती लांब तार चुंबकसूचीभोवती सात-आठ वेढे देऊन गुंडाळली. या वेळी सुई जवळजवळ आडवी झाली. मी विचारलं, हे कसं सुचलं? "बाबा असंच गुंडाळतात. जास्त वेढे, जास्त जोर."

मी घरी जाऊन जुन्या पुस्तकात शोधलं. तारेतल्या विजेनं सुई हलते हे डेन्मार्कच्या ओर्स्टेडनं १८२० मध्ये जाहीर केलं. त्याच वर्षी जर्मनीत श्वायगर नावाच्या संशोधकानं तारेचे वेढे देऊन सुईचं विचलन वाढवून दाखवलं, आणि त्यातूनच गॅल्व्हानोमीटर, म्हणजे अगदी बारीक विद्युतधाराही दाखवणारं उपकरण, आलं. आमच्या मागच्या बाकावरच्या मुलानं ती पायरी मधल्या वीस मिनिटांत एकट्यानं चढली होती. दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, त्यांनी कौतुकानं त्याची पाठही थोपटली. पण ते लिहून कुठे ठेवायचं? प्रगतिपुस्तकात त्यासाठी रकाना नव्हता. दहावीत तो गणितात अडकला. दाखला न्यायला आला तेव्हा म्हणाला, दुकानात बसतो आता. त्याच्याबद्दल 'या मुलाचे हात पाहा' असं कोणाला सांगायचं झालं असतं तर माझ्याकडे कागदाचा एक चिटोराही नव्हता.

याच सुईची आणखी एक गोष्ट मी पुढे प्रत्येक वर्गाला सांगत असे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी पूर्वी कुलाब्याच्या वेधशाळेत घेतल्या जात. मुंबईत घोड्यांच्या जागी विजेच्या ट्राम येणार हे ठरलं आणि त्या विजेमुळे वेधशाळेतल्या नाजूक सुया विचलित होतील हे शास्त्रज्ञांनी ओळखलं. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. विजेच्या ट्राम १९०७ मध्ये धावू लागल्या. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत आणि ते काम पाहणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आपल्या नवीन पनवेलला आहे. टेबलावरची सुई आणि अख्खी वेधशाळा, दोन्ही एकाच कारणानं हलल्या, हे ऐकताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आपल्या किती शाळांची सहल तिथे जाते? रिसॉर्टला जाते, हे मला माहीत आहे.

हुशार मुलं शोधायची सोय आपल्याकडे अजिबात नाही असं नाही. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून चालू आहे, सहावी आणि नववीसाठी. त्यात लेखी परीक्षेपुढे प्रात्यक्षिकाची फेरी आहे, म्हणून तिच्याबद्दल मला फार आदर आहे. आमच्या शाळेतली एक मुलगी लेखी फेरीतून वर गेली. सगळी शाळा खूश. प्रात्यक्षिक देऊन आली आणि मला म्हणाली, "बाई, सगळं येत होतं. पण वस्तू समोर होत्या आणि हात लावायची भीती वाटली." स्पर्धेचा यात काय दोष? ती भीती आम्ही शिकवली होती. आता तर या स्पर्धेचेही क्लास निघाले आहेत. ज्यांच्या आईबापांना फी परवडते त्यांच्या हातांना तिथे सराव मिळतो. दिघा-विटाव्याच्या, रबाळे-तुर्भ्याच्या वस्तीतल्या मुलाला तो सराव फक्त शाळाच देऊ शकते.

बाकीच्या वाटाही अरुंद झाल्या आहेत. १९६३ पासून चालत आलेली राष्ट्रीय प्रज्ञा शोध परीक्षा २०२१ पासून स्थगित आहे. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये इन्स्पायर योजनेत विलीन झाली. आर्थिकदृष्ट्या मागे असलेल्या मुलांसाठी आठवीची एनएमएमएस परीक्षा आहे, तिचे वर्षाला १२,००० रुपये मिळतात. इन्स्पायर मानकसाठी निवडल्या जाणाऱ्या मुलाला त्याची कल्पना प्रत्यक्षात आणायला १०,००० रुपये मिळतात. पण त्यासाठी कल्पना शाळेनं ऑनलाइन पाठवावी लागते, आणि अनेक शाळांत ते काम शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, जुन्या प्रदर्शनाच्या फायलीतून उचलून होतं. मुलाच्या नावावर जाते ती कल्पना त्याची नसते. हे थांबवायला पैसा लागत नाही.

मी सांगते आहे ते नवं नाही. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ मध्ये १६ शाळांपासून एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. मुलांनी गटात बसून स्वतः प्रयोग करायचे, स्वतःच्या निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचे, परीक्षेला पुस्तक उघडून बसायचं आणि प्रात्यक्षिकही खरंखुरं द्यायचं. सरकारी शाळांमध्ये हे ३० वर्षं चाललं, २००२ मध्ये बंद झालं. टेल्कोतले, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समधले एक अभियंते, अरविंद गुप्ता, १९७८ मध्ये रजा घेऊन तिथे गेले आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब नि काडेपेटीच्या काड्या यांपासून मुलांना भूमिती शिकवायला लागले. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी उभी केली. आपल्याच राज्यात पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून हा माणूस खेड्यात गेला, आणि आठवड्यातून एक दिवस मुलांनी वेल्डिंग, वायरिंग, शेती, आरोग्य यांची कामं करत शिकावं, असा विषय त्यांनी माध्यमिक शाळेत आणून दाखवला. त्या मुलाला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जे मिळालं ते पाबळला वेळापत्रकात आहे. ठाण्याला ते का असू नये?

आपल्या पायाशी तर किती आहे! ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. मी ऐरोलीला राहते, वन विभागाचं सागरी आणि किनारी जैवविविधता केंद्र तिथेच आहे. शनिवारी दुपारी मी सोसायटीच्या कार्यालयात दहा-बारा मुलांना घेऊन बसते, गेली ३ वर्षं. एकदा त्यांना खाडीकाठी नेलं आणि तिवराचं पान जिभेला लावायला सांगितलं. खारट! तिवर खाऱ्या पाण्यात उभं राहतं आणि जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं, कोरड्या दिवशी त्याचे बारीक कण पानावर दिसतातही. घरी येऊन एका मुलीनं पान पाण्यात धुतलं, ते पाणी ताटलीत सुकवलं आणि तळाशी उरलेलं मीठ कागदात बांधून पुढच्या शनिवारी आणलं. पाचवीतली मुलगी. तिला कोणी गृहपाठ दिला नव्हता.

कोपरखैरणे आणि ऐरोलीला नवी मुंबई महापालिका सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते पाणी टीटीसीतल्या, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांना देते. तुरटी, वाळू, गाळणी, जीवाणू हे सगळे धडे तिथे मोठ्या प्रमाणावर चालू अवस्थेत पाहायला मिळतात. महापालिकेच्याच शाळा, महापालिकेचेच प्रकल्प. मध्ये फक्त एका पत्राचं अंतर आहे.

मग मागणी काय? पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची म्हणजे त्या 'फुटले'च्या रकान्याची भीती काढा. वर्षाला ठरावीक फूटतूट होणारच असं धरून तिचं निर्लेखन, म्हणजे ती वस्तू नोंदीतून कमी करणं, मुख्याध्यापकांच्या एका सहीनं होऊ द्या. मुलांकडून भरपाई घेऊ नका, एक रुपयाही नको. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी रजिस्टर उलटं वाचावं. ज्या शाळेत वर्षभर काहीच फुटलं नाही तिथे थांबून विचारावं की इथे प्रयोग होतात का. काळजी घेऊ नका असं मी म्हणत नाही. आम्लाची बाटली, स्पिरिटचा दिवा मोठ्यांच्या देखरेखीखालीच हवा, चष्मा हवा, वाळूची बादली हवी. पण भिंग, चुंबक, तार, लिटमस, तराजू, परीक्षानळी यांना कुलूप कशाला?

दुसरं, रोजच्या खर्चाचं. उपकरणांसाठी लाख येतात आणि काडेपेटीसाठी व्हाउचर अडतं. सेल, लिटमस, फिल्टर पेपर, आयोडीन, मेणबत्त्या, बर्फ. माझ्या शनिवारच्या मुलांचा महिन्याचा खर्च ५००-६०० रुपयांवर जात नाही. तेवढी रोकड प्रयोगशाळेत असू द्या. टीटीसीतल्या कंपन्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून शाळांना प्रोजेक्टर देतात, त्यांना सांगा की पाच वर्षं सेल आणि लिटमस द्या. उद्घाटनाची फीत त्यालाही बांधता येईल.

तिसरं, माणूस. मी निवृत्त झाले त्यानंतर माझ्या जागी कोणी आलं नाही. किल्ल्या आता कार्यालयात खिळ्याला आहेत. विज्ञानाच्या बाई आठवड्याला तीसेक तासिका घेतात, निवडणुकीची कामं करतात, पोषण आहाराचा हिशेब ठेवतात. त्यांनी परीक्षानळ्या कधी मांडायच्या आणि कधी धुवायच्या? पद भरा, हे तर खरंच. ते होईपर्यंत आपल्या आसपास बघा. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, कळवा, ठाणे, घरोघरी निवृत्त इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, केमिस्ट, फिटर, परिचारिका आहेत. आयुष्यभर ज्यांनी प्रेशर गेज तपासले ते आता सकाळी उद्यानाच्या बाकावर बसून असतात. आठवड्याला दोन तास या म्हटलं तर ते नाही म्हणणार नाहीत. मी दोघांना विचारलं, दोघेही आले. त्यांच्यासाठी ओळखपत्र, पोलीस पडताळणी, जे काही लागेल ते रीतसर करा, पण दार उघडा.

आणि मुलांच्या हातांची नोंद ठेवा. प्रत्येक इयत्तेसाठी एक साधी वही पुरे. कोणी काय दुरुस्त केलं, कोणी न विचारता काय करून पाहिलं, कोणाचा आकडा पुस्तकाशी जुळला नाही आणि त्यानं पुढे काय केलं. गुण नकोत, क्रमांक तर नकोतच. दहावीनंतर ते पान मुलाच्या दाखल्याबरोबर द्या. आयटीआयला, पॉलिटेक्निकला, अकरावीला जाताना त्याच्या हातात ते असेल. आठवीच्या मुलीनं ९८.५ लिहिलं तर तिला पूर्ण गुण द्या, आणि ज्यांनी न पाहता १०० लिहिलं त्यांना परत तापमापीकडे पाठवा. प्रात्यक्षिकाच्या २० गुणांना अर्थ आणायचा तर एवढं करावंच लागेल.

शाळा सुटल्यावर आठवड्यातून एक दिवस, एक तास प्रयोगशाळा उघडी ठेवा. अभ्यासक्रम नाही, हजेरी नाही. ज्याला यायचं तो येईल. पहिल्या आठवड्यात चौघं येतील, बिचकत. त्यांना काय करायचं ते सांगू नका.

शेवटी माझी एक व्यक्तिगत विनंती. प्रत्येक शाळेत निर्लेखनाच्या यादीत अडकलेलं सामान असतं : बंद बॅटरी एलिमिनेटर, गॅल्व्हानोमीटर, जुने टेपरेकॉर्डर, बुरशी लागलेले सूक्ष्मदर्शक. ते भंगारवाल्याच्या टेम्पोत जाण्याआधी एक दिवस मुलांपुढे ठेवा आणि सोबत स्क्रूड्रायव्हर द्या. उघडून बघू देत. आमच्या शाळेतले ते तीन सूक्ष्मदर्शक अजून त्याच पेट्यांत, खालच्या फळीवर डावीकडे आहेत. भिंगाला अल्कोहोल आणि मऊ कापड लावून एखादं तरी साफ होतं का, हे मला माझ्या शनिवारच्या मुलांबरोबर करून पाहायचं आहे. मिळावेत म्हणून मी रीतसर अर्ज केलेला आहे. तो मंजूर झाला तर स्वतः रिक्षा करून घेऊन जाईन.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
ऐरोली, नवी मुंबई